पत्त्याच्या रकान्यात नदी



रविवारी सकाळी वंदना आटोपली की आम्ही विहाराच्या ओट्यावर टेबल मांडून बसतो. शिधापत्रिका, जातीचा दाखला, निराधार योजना, नळजोडणी, ज्याचा जो अर्ज असेल तो भरून द्यायचा. आम्ही बी.कॉम. झालो ते हिशेब मांडण्यासाठी, पण आयुष्य गेले ते दुसऱ्यांच्या अर्जांतील रकाने भरण्यात. त्याचे दुःख नाही. असो.

गेल्या महिन्यात नदीकाठच्या वस्तीतील एक आजी आल्या. काठ सुशोभित करायचा म्हणून त्यांच्या झोपडीला नोटीस चिकटली होती. राहण्याचा पुरावा हवा होता. आम्ही विचारले, "आजी, पत्ता काय लिहू?"

"लिव्हा की, नदीच्या काठाला."

"तसं चालत नाही, आजी. घर नंबर, गल्ली, काहीतरी पाहिजे. बरं, मूळ गाव सांगा."

"ते पाण्याखाली हाय."

आजी कोयनेच्या. लहानपणीच त्यांचे गाव धरणात गेले. आता म्हातारपणी दुसऱ्या नदीच्या काठावरून उठण्याची पाळी. आम्ही पेन हातात धरून नुसतेच बसलो. मग पिशवीतली कागदपत्रे चाळू लागलो. आजींनी दिलेली विजेच्या बिलाची एक जुनी पावती कामाला आली, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला.

त्याच सुमारास आम्ही अमेरिकेतील नदीवर राहणाऱ्या लोकांविषयी वाचत होतो. त्यांच्याही पत्त्याच्या रकान्यात नदीच असायची. आमच्या टेबलाशी येणाऱ्या माणसांना ती गोष्ट परकी वाटू नये, म्हणून आजचा लेख.

अमेरिकेत मिसिसिपी, ओहायो, टेनेसी अशा मोठमोठ्या नद्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढील पन्नास-साठ वर्षे या नद्यांवर हजारो गरीब कुटुंबे नावेवरच घर करून राहत होती. या नावेला तिकडे शँटीबोट म्हणत. शँटी म्हणजे आपल्या भाषेत झोपडी. सपाट बुडाचा लाकडी तराफा, त्यावर एक किंवा दोन खोल्या, वर पत्रा किंवा डांबरी कागद, कोपऱ्यात लोखंडी चूल. लाकूड बहुधा विकतचे नसायचे. पुरात वाहून आलेले ओंडके, पडक्या गोदामांच्या फळ्या, कुणी टाकून दिलेली खिडकी. डांबरी कागद म्हणजे काय ते आमच्या वाचकांना सांगायला नको, ज्यांच्या डोक्यावर तो होता त्यांना त्याचा वाससुद्धा आठवत असेल.

हे लोक नावेवर का गेले? भाडे नाही, जागेचा कर नाही, घरमालक नाही. कारखाना बंद पडला, खाणीतले काम सुटले, शेत सावकाराने घेतले, की माणूस नदीवर उतरायचा. १९२९ च्या शेअरबाजाराच्या पडझडीनंतर जी मोठी मंदी आली, तिच्यात अशा नावांची संख्या फार वाढली. नावेला इंजिन नसे. प्रवाहाबरोबर खाली जायचे, हिवाळ्यात एखाद्या ओढ्याच्या मुखाशी आडोसा बघून दोर बांधायचा. पोटासाठी मासे धरायचे, वाहते लाकूड गोळा करून विकायचे, काठावरच्या शेतात हंगामी मजुरी करायची.

आणि शिंपले काढायचे. हा धंदा मोठा चमत्कारिक. १८९१ साली मस्कटीन नावाच्या मिसिसिपीकाठच्या गावात जॉन बॉपल या जर्मन कारागिराने नदीतल्या शिंपल्यांपासून शर्टाच्या गुंड्या कापण्याचे काम सुरू केले. १९०५ साली त्या एका गावात वर्षाला दीडशे कोटी गुंड्या निघत होत्या. नदीच्या तळातून शिंपले ओढून काढणारे, काठावर कढईत उकळून आतले मांस वेगळे करणारे लोक नदीवरचेच. बायका-मुलेसुद्धा त्यात असत. दुर्गंधीने काठावरून कुणी जाईना. पुढे प्लास्टिकची गुंडी आली आणि धंदा बसला. तोपर्यंत नदीतले शिंपलेही उपसून संपत आले होते. त्या काळात कोट-शर्ट घालून ऑफिसात बसणाऱ्या किती कारकुनांना आपली गुंडी कोणी काढली हे ठाऊक असेल? आम्हीही कारकूनच, म्हणून विचारतो.

काठावरची प्रतिष्ठित मंडळी या लोकांना चोर म्हणत, नदीवरचे उंदीर म्हणत. कोंबडी नाहीशी झाली की संशय नावेवर. पुष्कळ गावांनी नावा बांधायला बंदी करणारे नियम केले. मुले शाळेत गेली तरी थोडे दिवस, कारण नाव पुढे सरकली की शाळा मागे. या माणसांनी स्वतः लिहून ठेवलेले फारच थोडे. त्यांच्याबद्दल जे लिहिले गेले त्यात बरेचसे पोलिसांचे, पाद्रीबुवांचे आणि वर्तमानपत्रवाल्यांचे. त्यांना हाकलणारे लिहीत होते, ते स्वतः मासे धरत होते.

या जीवनावर गाजलेले पुस्तक आहे हार्लन हबर्ड यांचे, 'शँटीबोट', १९५३ चे. हबर्ड चित्रकार होते. त्यांची पत्नी ॲना आधी सिनसिनाटीच्या सार्वजनिक वाचनालयात काम करीत असत. १९४४ साली या दोघांनी केंटकी राज्यातील ब्रेंट येथे ओहायोच्या काठी स्वतःच्या हातांनी नाव बांधली. १९४६ च्या डिसेंबरात दोर सोडला. हिवाळ्यात वाहत जायचे, उन्हाळ्यात काठावर थांबून भाजीपाला लावायचा, तो बाटल्यांत भरून ठेवायचा, असे करीत १९५० मध्ये ते न्यू ऑर्लिन्सला पोहोचले. पुढे केंटकीत नदीकाठीच पेन हॉलो येथे घर बांधून विजेशिवाय राहिले. ॲनाबाई १९८६ साली आणि हार्लन १९८८ साली वारले.

आम्ही हे घरात सांगितले तेव्हा आमच्या मंडळींनी एकच विचारले, "अहो, पावसाळ्यात कपडे कुठं वाळवत होती ती बाई?" प्रश्न बरोबर आहे. हबर्ड पती-पत्नी शिकलेले होते, त्यांनी हे जीवन आवडीने निवडले. ते कधीही काठावर जाऊन घर करू शकत होते आणि शेवटी त्यांनी केलेही. ज्याला दुसरा मार्गच नव्हता त्याची गोष्ट निराळी. पत्र्याखाली राहण्यात काव्य आहे असे ज्याला वाटते त्याने जुलैत आठ दिवस आमच्या वस्तीत येऊन राहावे, चहा आम्ही पाजू. तरीही हबर्ड यांचे एक ऋण मानले पाहिजे. काठावरच्या लोकांनी ज्यांना उंदीर म्हटले, त्यांच्याशी ते शेजाऱ्यासारखे वागले आणि तसेच त्यांनी लिहिले.

दुसरी गोष्ट आपल्याच काळातली. कॅलिफोर्नियातील वेस मोड्स नावाचे कलावंत. त्यांनी २०१२ साली जुन्या धर्तीची शँटीबोट बांधायला घेतली. दोन वर्षे लागली. लाकूड जुनेच वापरले, त्यात शंभर वर्षांच्या एका खुराड्याच्या फळ्या होत्या. कोंबड्यांच्या खुराड्याचे घर झाले! वर पत्रा, आत छोटे स्वयंपाकघर, झोपायला माळा, पुस्तकांचे फडताळ, आणि मागे एक लहान इंजिन. नावेचे नाव डॉटी. २०१४ साली ते मिसिसिपीच्या वरच्या भागात उतरले, २०१५ साली टेनेसी नदीत, नंतर कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीत, २०१८ साली न्यूयॉर्ककडे वाहणाऱ्या हडसनमध्ये. काम एकच. काठाला लागायचे आणि म्हाताऱ्या-कोताऱ्यांना, मजुरांना, मूळनिवासींना, काळ्या वस्त्यांतील लोकांना नदीच्या गोष्टी विचारायच्या आणि ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या. या कामाला त्यांनी नाव दिले ते मराठीत 'अमेरिकेतील नदीवरच्या माणसांचा गुप्त इतिहास' असे होईल. पुढे तीच नाव प्रदर्शनात मांडून लोकांना आत बोलावले, बसवले, गोष्टी ऐकवल्या.

आम्हाला यात सर्वांत पटली ती नाव. माहिती गोळा करणारे आमच्या वस्तीतही येतात. हातात छापील फॉर्म, गळ्यात ओळखपत्र, बूट न काढता उंबऱ्यात उभे. त्यांना लोक काय सांगणार? "बरं चाललंय" म्हणतात आणि दार लोटतात. पण वेडीवाकडी, जुन्या फळ्यांची नाव काठाला लागली की माणूस आपणहून जवळ येतो. "हे तुम्हीच बांधलंत का?" इथून सुरुवात होते. मग "माझा आजाही असल्याच नावेत राहायचा" इथपर्यंत जाते. विचारणारा पाहुणा झाला आणि सांगणारा यजमान, मग गोष्टी निघायला वेळ लागत नाही.

या गोष्टी कसल्या असतात? मिसिसिपीचा प्रवास मिनिआपोलिसपासून सुरू झाला. तिथून थोडे खाली मिनेसोटा नदीचा संगम आहे. डाकोटा लोक या संगमाला आपल्या जन्माची जागा मानतात. १८६२ साली त्यांचे आणि सरकारचे युद्ध झाले. २६ डिसेंबरला मँकेटो गावात ३८ डाकोटांना एकाच वेळी फाशी दिले. सुमारे १,६०० बायका, मुले आणि म्हातारे त्याच संगमाखाली, फोर्ट स्नेलिंगच्या किल्ल्यापायथ्याशी, कुंपणात कोंडले. थंडीने आणि गोवराच्या साथीने कित्येक गेले. १८६३ च्या वसंतात उरलेल्यांना आगबोटींत घालून याच नदीने देशोधडीला लावले. जन्माच्या जागी तुरुंग, आणि तिथून हद्दपारी. त्याच शहरापासून पुढे सेंट पॉलचा सखल काठ लागतो. पुराची जागा म्हणून जमीन स्वस्त, म्हणून तिथे ज्यू, मेक्सिकन, गरीब स्थलांतरित राहत. १९६० च्या दशकात ती वस्ती उठवून तिथे कारखान्यांची वसाहत केली. माणसांना राहायला धोक्याची असलेली जागा कारखान्यांना मात्र बांध घालून सुरक्षित करून मिळाली.

टेनेसी नदीवर चॅटनूगा शहर आहे. तिथल्या धक्क्यावरून १८३८ च्या जून महिन्यात चेरोकी लोकांना सैनिकांनी बोटींत भरून पश्चिमेकडे पाठवले. मागून राहिलेल्यांना चालत नेले. सोळा हजारांच्या आसपास लोक हाकलले गेले, त्यातले सुमारे चार हजार मेले असे मानतात. आज त्या काठावर फिरायला बागा आहेत.

टेनेसीशी आपले नातेही आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी टेनेसी खोऱ्यासाठी एक प्राधिकरण स्थापन केले. पूर आवरायचा, वीज करायची, बोटींना पाणी ठेवायचे, सगळे एकाच योजनेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडेच होती. १९४३ साली दामोदर नदीने बंगालात हाहाकार केला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बाबासाहेबांनी परिषद घेतली आणि टेनेसीच्या धर्तीवर दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेली. टेनेसीत काम केलेले व्हुर्डुइन नावाचे इंजिनिअर त्यासाठी आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकला ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की, जास्त पाणी ही आपत्ती नव्हे, माणसाला पाण्याच्या अभावाचाच त्रास अधिक होतो, ते साठवून लोकांच्या कामी आणले पाहिजे. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढलेला माणूस देशाच्या पाण्याचा हिशेब मांडत होता. १९४८ साली दामोदर महामंडळाचा कायदा झाला, तोवर बाबासाहेब त्या खात्यावर नव्हते.

पण टेनेसीची दुसरी बाजूही गोष्टी गोळा करणाऱ्याच्या कानावर पडतेच. पहिले मोठे धरण नॉरिस, १९३६ साली पुरे झाले. त्यासाठी सुमारे तीन हजार कुटुंबे उठली. मोबदला मिळाला तो ज्याच्या नावावर जमीन त्याला. खंडाने किंवा वाट्याने कसणाऱ्याचे नाव कागदावर नव्हते, त्याने बोचके उचलून वाट धरावी. आमच्याकडे ज्याचे नाव सात-बारावर नाही त्याचे जे होते तेच. धरणाच्या कामगारांसाठी नॉरिस नावाचे नमुनेदार गाव वसवले, विजेची घरे, शाळा, झाडे. त्यात काळ्या माणसाला घर नव्हते. धरणावर राबायला तो चालला. काळ्यांच्या संघटनेने, एनएएसीपीने, १९३४ साली याची चौकशी करून जाहीर टीका केली. पुढे एकंदर टेनेसी योजनेत पंधरा हजारांवर कुटुंबे हलली. आणि नावेवरच्या लोकांचा तर हिशेबच नाही. जमीनच नाही तर बुडाले काय, असा सरळ सवाल.

आम्ही धरणांच्या विरुद्ध नाही. आमच्या घरात दिवा लागतो तो धरणाचाच. बाबासाहेबांनी पाणी आणि वीज गरिबाच्या दारी नेण्याचे स्वप्न पाहिले, ते खरेच होते. दामोदरवर मैथन १९५७ ला झाले, पंचेत १९५९ ला, आणि तिथेही उठलेल्यांत आदिवासींचा आणि भूमिहीनांचा भरणा होता. योजना कोणाच्या हाती गेली आणि यादीत कोणाचे नाव लिहिले गेले, यावर सगळे ठरते. यादी लिहिणारा शेवटी कोणी कारकूनच असतो. म्हणून आम्हाला ही गोष्ट जिव्हारी लागते.

एक छोटी गोष्ट जाता जाता. डॉटी २०१८ साली हडसनमधून गेली, त्याच नदीच्या जवळ उंचावर कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ ते १९१६ बाबासाहेब तिथे शिकले. त्या वेळी नदीवरून जाणाऱ्या पडावांकडे त्यांनी कधी पाहिले असेल का, असा विचार आमच्या मनात उगाच येऊन गेला.

तर आता आजींचे. हे सारे वाचून झाल्यावर आम्हाला आमचीच लाज वाटली. इतकी वर्षे त्या आजी विहारात येतात. वर्षावासात पुढच्या रांगेत बसतात. 'ते पाण्याखाली हाय' याच्यापुढे आम्ही कधी एक शब्द विचारला नाही. रकाना रिकामा राहिला याची चिंता केली, गाव कसे होते हे विचारले नाही.

मागच्या रविवारी आम्ही टेबल गुंडाळून ठेवले आणि एक दोनशे पानी वही घेऊन त्यांच्या झोपडीत गेलो. नाव तर आमच्याकडे नाही. पण बरोबर धाकट्या मुलीला नेले, तीच आमची नाव झाली. तिने जाताच विचारले, "आजी, तुमच्या गावाला नदी होती का हो?"

"व्हती की गं. दोन पाणवठं व्हतं. वरल्या अंगाला त्यांचा, खालल्या अंगाला आपला. त्यांची गुरं धुतलेलं पाणी आपल्याकडं यायचं. माझी आय झरा उकरायची वाळूत, वाटीनं भरायची घागर." थोडे थांबून म्हणाल्या, "मग धरणाचं पाणी चढलं, तवा दोन्ही पाणवठं एकच झालं."

मुलीला पाणवठा म्हणजे काय ते समजावून सांगावे लागले. आजींनीच सांगितले, बोटांनी जमिनीवर रेघ ओढून, इथे वड, इथे देऊळ, इथे आपली वस्ती. घर मोडताना वडिलांनी दाराची चौकट उपटून काढली आणि डोक्यावर घेऊन दोन दिवस चालले. ती चौकट पुढे तीन घरांना लागली. आताच्या झोपडीला तीच आहे. आम्ही इतक्या वेळा त्या दारातून वाकून आत गेलो, कधी नीट पाहिले नव्हते. सागवानी आहे. उजव्या बाजूला कुऱ्हाडीचे घाव आहेत, ते कशाचे हे विचारायचे राहिले, तेवढ्यात आजींनी चहा टाकला.

वहीची सहा पाने भरली. झोपडीच्या अर्जाची सुनावणी अजून व्हायची आहे. चौकटीचे उरलेले पुढच्या रविवारी सांगणार आहेत, म्हणाल्या, "पोरीला घिऊन या, तुम्ही लई प्रश्न इचारता."

जयभीम.